पावसाळ्यात चुकलेलं माप: एका सीएनसी राउटरचा वेग आणि कॅलिब्रेशन

पार्श्वभूमी

कुडाळ आणि सावंतवाडीच्या मधल्या पट्ट्यात, हमरस्त्यापासून थोडा आत, एका सुतार कुटुंबाचा कारखाना आहे. थोरले मेस्त्री, त्यांचे धाकटे भाऊ आणि धाकट्यांचा मुलगा असे तिघं काम बघतात. देव्हारे, दारांच्या चौकटी, होमस्टेवाल्यांसाठी जाळीची पार्टिशनं आणि पावसाळा लागला की गणपतीची मखरं, असा वर्षभराचा धंदा. ओळख पटू नये म्हणून गाव आणि काही तपशील गाळले आहेत. मी यंत्रांची जोडणी आणि दुरुस्ती करतो; त्या निमित्ताने या प्रकरणात शिरलो.

त्यांचा सीएनसी राउटर, म्हणजे संगणकातल्या ड्रॉइंगवरून फिरत्या बिटने शीट कापणारं मशीन, साधंच. बेड १३०० बाय २५०० मिलिमीटर, म्हणजे आठ बाय चारची शीट आरामात बसते. आडवा अक्ष एक्स, लांबीचा अक्ष वाय. वायला दोन्ही बाजूंनी एकेक मोटर. दोन्ही अक्ष रॅक-पिनियनवर (दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारं दातेरी चाक), वर-खाली जाणारा झेड बॉलस्क्रूवर (आट्यांच्या दांड्यावर). स्टेपर मोटरी (विजेच्या प्रत्येक ठोक्याला, म्हणजे पल्सला, ठराविक थोडंच फिरणाऱ्या), मशीनला आज्ञा देणारा, हातात धरायचा डीएसपी कंट्रोलर आणि बिट फिरवणारा, ३ किलोवॅटचा पाण्याने थंड होणारा स्पिंडल. पुतण्या मशीन चालवतो, ड्रॉइंग आणि टूलपाथही (बिटने चालायचा मार्ग) तोच करतो. पोरगा हुशार आहे, आणि पुढे जे घडलं ते हयगयीमुळे घडलेलं नाही. त्याने माप घेतलं, हिशेब केला, सूत्रही बरोबर वापरलं. माप घेतलं ते मात्र लाकडाचं.

अडचण कशी उभी राहिली

जूनच्या सुरुवातीला देव्हाऱ्यांच्या पाठीसाठी सागवानाच्या फळ्या कापल्या. रुंदी ३०० मिलिमीटर, एक्सच्या दिशेने. मग पाऊस लागला. काही दिवसांनी जोडणीला घेतल्या तर रुंदी ३०१.२ भरली. पुतण्याने थोरल्यांना सांगितलं, "काकानू, मशीन मोठा कापता, आकडो कमी करूक व्हयो." कंट्रोलरमध्ये एक्सचे मिलिमीटरमागे पल्स, म्हणजे एक मिलिमीटर सरकायला मोटरला द्यायचे ठोके, होते २०३.७१८. त्याने ते ३०० भागिले ३०१.२ या प्रमाणात खाली आणून २०२.९०६ केले. जुना आकडा कुठेही लिहून ठेवलेला नव्हता.

त्यानंतर आलं मखरांचं मोठं काम. १२ मिलिमीटर एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या शीटचे) पॅनल, एकमेकांच्या खाचांत बसणारे, म्हणजे चाकरमान्याला गाडीत घालून मुंबईला नेता येतील आणि पुढच्या वर्षी परत उभे करता येतील असे. पहिला संच कापला तर आडवे पॅनल मीटरमागे ४ मिलिमीटर आखूड. खाचा जुळेनात. पुतण्याला वाटलं, मोटर आणि पिनियनमधला पट्टा सैल झाला असणार. काम थांबवायचं नव्हतं म्हणून त्याने सॉफ्टवेअरमध्ये सगळं ड्रॉइंग १.००४ पटीने मोठं केलं. एक्स जुळला, पण वाय, जो मुळात बरोबर होता, तो मीटरमागे ४ मिलिमीटर लांब झाला.

त्यात वेगाची तक्रार. जाळीच्या एका पॅनलला सॉफ्टवेअर ४२ मिनिटं दाखवायचं, प्रत्यक्षात ७१ लागत. पुतण्याने फीड, म्हणजे बिट पुढे सरकण्याचा वेग, ६००० वरून ८००० मिलिमीटर प्रतिमिनिट केला, कंट्रोलरवरून वेग वाढवायचा ओव्हरराइडही चढवला. वेळ जवळपास तेवढाच. वर जाळीच्या कडा काळ्या पडत होत्या आणि नवे बिट दोन-तीन शीटमध्येच बोथट होत होते.

काय काय करता आलं असतं

मी पोहोचलो तेव्हा घरात तीन मतं होती. धाकट्यांचं म्हणणं, मशीन विकणाऱ्याचा माणूस बोलवावा. तो येणार दहा-बारा दिवसांनी, आणि तोवर मखरांची वेळ टळणार. पुतण्याला वाटत होतं, एक्स आणि वायला वेगवेगळी पट लावून ड्रॉइंग ताणावं. हे तात्पुरतं चाललं असतं. पण प्रत्येक फाइलला ती पट लावायची आठवण ठेवायची, आणि गोल भोक गोल येतं की लंबगोल याची शंका कायमची मागे लागणार. तिसरा विचार थोरल्यांचा: कापणीचं काम आंबोली घाटापलीकडे कोल्हापुरात पाठवायचं. भर पावसात एमडीएफची ने-आण म्हणजे भिजून फुगलेला माल परत घेणं.

मी सुचवलं की एक पूर्ण दिवस कापणी बंद ठेवावी आणि फक्त मशीन मोजावं. थोरले लगेच म्हणाले, "चवथ तोंडार इली, आता मशीन बंद ठेवूक वेळ खंय आसा?" त्यांची घालमेल खरी होती. रोजंदारीची माणसं बसून राहणार होती. पण वाया गेलेल्या पॅनलचा ढीग दाराशीच रचलेला होता. तो बघून त्यांनीच दुपारी होकार दिला.

आधी लाकडाचा निकाल

ज्या फळ्यांवरून आकडा बदलला, त्यांतल्या दोन कारखान्यातच होत्या. एकीला कापल्या दिवशीच पॉलिशचा हात मारलेला, दुसरी कोरी भिंतीला टेकवून ठेवलेली. दोन्ही एकाच बैठकीत कापलेल्या. व्हर्निअरने मोजल्या: पॉलिश केलेली ३००.३, कोरी ३०१.३. दोन्हींची रेषांच्या दिशेची लांबी मात्र ठरल्याप्रमाणे ७००, फरक पट्टीवर दिसण्याइतकाही नाही.

मशीन चुकलं असतं तर दोन्ही फळ्या सारख्याच चुकल्या असत्या. लाकूड ओलावा घेतं तेव्हा रेषांच्या आडवं फुगतं, रेषांच्या दिशेने जवळपास नाहीच. सागवान त्या मानाने स्थिर समजलं जातं. तरीही वार्षिक कड्यांच्या स्पर्शिकेच्या दिशेने, ओलाव्यातल्या प्रत्येक एका टक्क्यामागे ते साधारण ०.१९ टक्के हलतं. ३०० मिलिमीटरच्या फळीत दोन टक्के ओलावा वाढला की ११-१२ दशांश मिलिमीटर सहज वाढतात. कोकणात मे महिन्यातली कोरडी फळी जूनमध्ये उघडी ठेवली तर दोन टक्के काहीच नाहीत. पुतण्याने मोजलेले १.२ मिलिमीटर अक्षरशः पावसाचे होते.

म्हणून माझा आग्रह असतो की इथल्या कुणीही लाकडाच्या तुकड्यावरून पल्स बदलू नयेत. तुकडाच कापून बघायचा असेल तर तो बेडवरून सोडवायच्या आधी मोजावा, आणि त्यावरूनही फक्त संशय घ्यावा.

मशीनचं माप

एक मीटरची कोरलेल्या रेघांची स्टीलपट्टी मी नेली होती. कारखान्यातला टेप या कामाला चालत नाही. दुसऱ्या वर्गाच्या चांगल्या टेपलाही एक मीटरच्या लांबीवर अर्धा मिलिमीटर चूक माफ असते, आणि टोकाची आकडी घासून किंवा वाकून आणखी खेळते.

पट्टी बेडवर एक्सला समांतर लावली. समांतर म्हणजे डोळ्याने नव्हे; पट्टीच्या कडेला स्पिंडलवरचं डायल गेज (शतांश मिलिमीटर दाखवणारं काट्याचं मापयंत्र) टेकवून स्पिंडल गँट्रीवरून, म्हणजे बेडवरच्या आडव्या पुलावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला आणि काटा हलायचा थांबेपर्यंत पट्टी सरकवली. स्पिंडलमध्ये कोरीव कामाचा टोकदार बिट, स्पिंडल बंद. बिटचं टोक ५० च्या रेघेवर आणायचं, मग ९०० मिलिमीटरची आज्ञा द्यायची आणि ९५० च्या रेघेपाशी ते कुठे थांबतं ते पाहायचं.

इथे दोन गोष्टींनी सगळा फरक पडतो. रेघेलाही जाडी असते. भिंगाखाली ती चांगली रुंद पट्ट्यासारखी दिसते. त्यामुळे टोक रेघेच्या मधोमध धरण्यापेक्षा दोन्ही टोकांना रेघेच्या डाव्या कडेला लावलं, की डोळा एकाच खुणेवर स्थिरावतो. आणि दोन्ही रेघांपाशी यायचं ते डावीकडूनच. पुढे जाऊन मागे आलात तर पिनियनच्या दातांमधली ढील मापात शिरते. एवढी काळजी घेतली की भिंगाने ०.१ मिलिमीटरपर्यंत वाचता येतं. ९०० मिलिमीटरवर ही चूक नगण्य. तेच १०० मिलिमीटरवर मोजलं तर चूक नऊपट मोठी धरावी लागते, म्हणून जमेल तितकं लांब मोजावं.

९०० च्या आज्ञेला एक्स ८९६.४ चालला. तीन ठिकाणी पट्टी लावून पाहिलं, उत्तर तेच. २०२.९०६ गुणिले ९०० भागिले ८९६.४, म्हणजे २०३.७२. वाय ९०० ला ९०० च.

आता कागदावरचा हिशेब. पिनियन मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप) १.२५, दात २०. म्हणजे एका फेऱ्याला ३.१४१६ गुणिले २५, बरोबर ७८.५४ मिलिमीटर. मधल्या पट्ट्याचं प्रमाण पाचाला एक, म्हणून मोटरच्या एका फेऱ्याला १५.७०८. मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हरवर फेऱ्यामागे ३२०० पल्स. भागाकार २०३.७१८.

मोजलेला २०३.७२ की हिशेबाचा २०३.७१८? आकडे इतके जवळ आल्यावर वाद उरत नाही, पण तत्त्व ठरवणं गरजेचं होतं. रॅक-पिनियनमध्ये दात खोल बसवले काय, उथळ बसवले काय, एका फेऱ्यातला प्रवास बदलत नाही. बदलते ती ढील. म्हणून हिशेबाचाच आकडा घातला. मोजमाप वाचनाच्या चुकीपेक्षा जास्त वेगळं आलं असतं तर आकड्याला हात न लावता पट्टा, पिनियन आवळणारा ग्रब स्क्रू आणि मोटरकडून सुटणारे पल्स तपासले असते. बॉलस्क्रूचं थोडं निराळं: सी-७ दर्जाच्या स्क्रूमध्ये ३०० मिलिमीटरला ०.०५ पर्यंत फरक मान्य असतो, तिथे मोजलेल्या आकड्याला जास्त वजन द्यावं.

थोरल्यांनी मध्येच विचारलं, पत्र्याखाली एवढा उकाडा, पट्टीच वाढली असेल तर? प्रश्न अगदी योग्य. स्टील मीटरमागे दर अंशाला सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढतं; २० अंशाला बरोबर असलेली पट्टी ३२ अंशाला सुमारे ०.१४ ने लांब होते. पण रॅकही स्टीलची, त्याच शेडमधली, तेवढीच वाढलेली. पट्टी रात्रभर मशीनवरच ठेवली की हा प्रश्न मिटतो.

ढील आणि काटकोन

डायल गेज मॅग्नेटवर बसवून प्रत्येक अक्ष एका दिशेने आणून काटा शून्यावर केला, मग उलट दिशेला शतांश-शतांशाने सरकवला. वाय ०.०८ नंतर हलायला लागला, एक्सला ०.३५ लागले. कंट्रोलरमध्ये बॅकलॅश, म्हणजे ढील, भरपाईचा रकाना असतो, आणि ०.३५ तिथे टाकून मोकळं व्हायचा मोह पुतण्याला झाला. मी नको म्हटलं. सॉफ्टवेअर ढील झाकतं ते आज्ञेपुरतं. बिटला कापताना जोर आला की सैल पिनियन त्या ०.३५ मध्ये पुढे-मागे डुलतोच आणि कड खरखरीत येते.

एक्सची मोटर धरणारी प्लेट सरकली होती. रॅकवर खाऱ्या हवेचा तांबूस गंज, तेल आणि एमडीएफची धूळ मिळून दातांच्या तळाशी घट्ट लुकण बसलं होतं. केरोसीन आणि पितळी ब्रशने ते काढलं, प्लेट रॅककडे दाबून आवळली. ढील ०.०९ वर आली, आणि भरपाईचा रकाना शून्यच राहिला.

काटकोनासाठी एमडीएफवर ९०० बाय १२०० च्या चार कोपऱ्यांवर बारीक भोकं पाडली. कर्ण १५०० यायला हवेत. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा १.८ ने मोठा निघाला, म्हणजे ९०० च्या रुंदीत गँट्री एका बाजूला १.१ मिलिमीटर पुढे होती. इथे टेप चालतो, कारण दोन्ही कर्णांचा फक्त फरक हवा असतो. टेप १०० च्या खुणेपासून धरला की आकडीचा प्रश्नही जातो. एका बाजूच्या मोटरचा पट्टा सैल करून गँट्री सरकवली. दुसऱ्या खेपेला कर्ण ०.२ च्या आत आले.

वेग: पडद्यावरचा आणि खरा

स्टॉपवॉच घेऊन एक लांब रेषा मोजली तर त्यात मशीनचं उठणं-थांबणं आणि आपल्या अंगठ्याचा उशीर दोन्ही मिसळतात. म्हणून दोन लांबी मोजाव्यात आणि वजाबाकी करावी. फीड ८०००, बिट हवेत, वायवर २०० मिलिमीटर: २.४ सेकंद. २००० मिलिमीटर: २०.४. फरक १८०० मिलिमीटर आणि १८ सेकंद. म्हणजे सेकंदाला १०० मिलिमीटर, मिनिटाला ६०००. मोबाइलवर व्हिडिओ घेऊन पुन्हा पाहिलं, तेच. कंट्रोलरमध्ये अक्षाची कमाल मर्यादा ६००० होती आणि त्यापुढची कुठलीही आज्ञा तो मुकाट्याने ६००० वर आणत होता.

पण जाळीच्या संथपणाचं कारण ही मर्यादा नव्हतीच. दोन्ही मापांत उरणारे ०.४ सेकंद वेग चढवण्या-उतरवण्यात जातात. १०० भागिले ०.४ म्हणजे प्रवेग दर सेकंदाला २५० मिलिमीटर प्रतिसेकंद. कंट्रोलरमध्येही २५० च होता. या प्रवेगाने ६००० गाठायला २० मिलिमीटर लागतात, उतरायला आणखी २०. जाळीतली वेलपत्ती बहुतेक १० मिलिमीटरच्या आतल्या रेषांची आणि तीक्ष्ण वळणांची. थांबून-उठून १० मिलिमीटर जायला ०.४ सेकंद लागतात, म्हणजे सरासरी मिनिटाला १५००. फीडच्या रकान्यात ६००० लिहा की १२०००, ही सरासरी हलत नाही. हे गणित पुतण्याने वहीत स्वतः करून पाहिलं, आणि त्यानंतर ओव्हरराइडच्या बटणाला हात लावला नाही.

काळ्या कडांचा धागा इथेच सापडला. स्पिंडलचा वेग ठरवणारा व्हीएफडी पडद्यावर मिनिटाला ११५२० फेरे दाखवत होता, म्हणून पुतण्याने तो पूर्ण चढवलेला. स्पिंडलच्या नटाला चकचकीत पट्टी चिकटवून लेझर टॅकोमीटर धरला तर आकडा २४ हजारांच्या थोडाच खाली. व्हीएफडी फेरे मोजत नाही, वारंवारतेवरून हिशेब करून दाखवतो. आणि त्यात ५० हर्ट्झला १४४० फेऱ्यांची साधी चार ध्रुवांची मोटर भरलेली होती. हा स्पिंडल दोन ध्रुवांचा, ५० हर्ट्झला ३०००, ४०० हर्ट्झला २४०००. दोन धारांचा बिट, २४ हजार फेरे आणि सरासरी १५०० फीड: एका धारेच्या वाट्याला जेमतेम ०.०३ मिलिमीटर. एवढ्यात धार कापत नाही, घासते. घासली की तापते, एमडीएफ जळतं, बिट मरतो.

काय केलं

व्हीएफडीतली मोटरची नोंद दुरुस्त केली. जाळीसाठी एका धारेचा बिट आणि १५००० फेरे ठरवले. म्हणजे सरासरी वेगाला धारेमागे ०.१ मिलिमीटर. कमाल वेग ६००० वरच ठेवला.

प्रवेग किती वाढवायचा हा सगळ्यात नाजूक निर्णय होता. डायल गेज शून्यावर लावून, हवेत जाळीचाच टूलपाथ पळवून, परत त्याच जागी आणायचं आणि काटा बघायचा. ४०० ला काटा शून्यावर परतला. ५०० लाही, दुपारी. संध्याकाळी गावात दिवे लागल्यावर विजेचा दाब उतरला, तेव्हा ५०० ला काटा परत येईना. ड्रायव्हरांचा पुरवठा साध्या ट्रान्सफॉर्मरवरचा; बाहेर दाब उतरला की आतही उतरतो आणि वेगात असलेल्या स्टेपरचा जोर कमी पडतो. पुतण्याला दिवसा ५०० आणि रात्री ४०० असं करायचं होतं. थोरल्यांनी ४०० वर बोट ठेवलं, आणि ते मला पूर्ण पटलं. रात्री आकडा बदलायचा राहिला तर अख्खी शीट जाते.

टूलपाथमधल्या वक्ररेषा हजारो बारीक तुकड्यांऐवजी खऱ्या कमानी म्हणून पाठवायला लावल्या. १.००४ ची पट काढून टाकली.

परिणाम

जाळीचं पॅनल ७१ वरून ५४ मिनिटांवर आलं. कडा स्वच्छ. मखरांचे पॅनल दोन्ही दिशांना जुळले. तरीही काही खाचा घट्ट बसत होत्या, पण त्याचं कारण निराळं: १२ ची म्हणवणारी एमडीएफ शीट ११.८ ते १२.३ भरत होती. आता प्रत्येक शीट व्हर्निअरने मोजून खाचेची रुंदी ठरते. आधी बिघडलेले पॅनल वाचले नाहीत; त्यांतले मोठे छोट्या चौरंगांच्या कामी आले, बाकी गेले.

वेगळं काय करता आलं असतं

मशीन आलं त्या दिवशी सगळे पॅरामीटर कागदावर उतरवले असते तर जूनमधला बदल एका मिनिटात मागे घेता आला असता. आता कंट्रोलरच्या मागे चिकटवलेल्या कागदावर जुना आकडा, नवा आकडा, तारीख आणि बदलाचं कारण असे रकाने आहेत. दोन पिनांचा ओलावामापक घ्यायचं ठरलंय; सागवान कापायच्या आधी आणि जोडायच्या आधी मोजायचं.

देव्हाऱ्यांची पाठ चौकटीला चिकटवायची आणि खिळवायची ही घराची जुनी रीत. पावसात फुगलेली फळी घट्ट बसवली तर डिसेंबर-जानेवारीच्या सुक्या हवेत ती आकसून चिरते. थोरल्यांनी या खेपेपासून पाठ खाचेत मोकळी सोडली आहे, दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर जागा ठेवून.

झेड अक्ष त्या दिवशी मोजायचा राहिला. कोरीव कामाच्या खोलीबद्दल तक्रार नव्हती म्हणून तो मागे पडला, पण बॉलस्क्रूवर गंजाचे ठिपके दिसले आहेत. दिवाळीनंतर एक्सचा रॅक बदलायचाय, तेव्हा झेडही उघडून मोजायचा आहे.